मेजावरचं कापड

तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे. घरी, शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे ती तोफ. हे नाव बाबांनी ठेवलं होतं. ती पाळण्यात रडली की म्हणे शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. मधली काही वर्षं मात्र ही तोफ गंजून पडली होती. सातवी-आठवीत वर्गात उभं केलं की ती बाकाच्या लाकडावर नख ओढत राहायची. मग यंदा वक्तृत्व स्पर्धेत ती चुकून पहिली आली आणि जी धडाडायला लागली ती थांबेचना. दूधवाल्याशीसुद्धा ती मुद्देसूद बोलायची.

त्यामुळे तरुणांच्या रविवारी बोलायला कोण उभं राहणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. वर्षातून एकदा त्यांच्या चर्चमध्ये सगळी उपासना तरुण मुलंमुली चालवत. पाळकसाहेब त्या दिवशी आपले मागच्या बाकावर बसत आणि चष्मा पुसत राहत. त्यांनी तोफेला विषय दिला होता : प्रभुभोजनाआधी स्वतःला तपासणं.

"स्वतःला," ते जाता जाता पुन्हा म्हणाले होते. तोफेनं मान डोलावली होती आणि तिच्या डोक्यात तेव्हाच दुसरं कुणीतरी येऊन बसलं होतं.

त्या चर्चची रीत अशी होती. दर रविवारी पुढच्या मेजावर पांढरं कापड अंथरायचं. त्यावर भाकरीच्या तुकड्यांची थाळी आणि द्राक्षरसाच्या इवल्या इवल्या कपांचं तबक ठेवायचं. प्रार्थना झाली की थाळी आणि तबक बाकांवरून हातोहात फिरायचं. ज्याच्या मनात कुणाशी काही मिटायचं राहिलं असेल, त्यानं न घेता थाळी पुढे द्यायची आणि आधी ते मिटवून यायचं. असं फारसं कुणी करत नसे. सगळ्यांचं सगळ्यांशी मिटलेलं असे, निदान रविवारी सकाळी तरी.

फक्त एक बाई कधीच घेत नसे. ऑर्गन वाजवणाऱ्या पट्टीबाई. "पट्टी सोडू नका रे," असं गाणाऱ्यांना सारखं बजावत, म्हणून पट्टीबाई. सडसडीत, एकट्या राहणाऱ्या, घरी मुलांना वाजवायला शिकवणाऱ्या. थाळी फिरत असताना त्या हळू वाजवत असत, त्यामुळे लोकांना वाटे की त्यांचे हात गुंतलेत, नंतर घेत असतील. पण तोफ गाणाऱ्यांत, ऑर्गनच्या अगदी शेजारी बसायची. तिनं पाहिलं होतं. थाळी जवळ आली की पट्टीबाई वाजवणं थांबवायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. दर वेळी.

"काहीतरी असणारच," तोफेनं हे सांगितल्यापासून शिवणकाकू म्हणायच्या. त्यांचं कपडे शिवायचं दुकान चर्चच्या समोरच होतं आणि माप घेता घेता त्या माणसाचं बाकीचंही माप काढत. "इतकी वर्षं कोण उपाशी राहतं गं उगाच? मन खात असेल बाईचं."

तोफेला ते पटलं होतं. इतकं पटलं होतं की आरशासमोर उभं राहून तिनं ते सहा प्रकारांनी म्हणून पाहिलं होतं.

आणि त्या रविवारी ती म्हणाली.

"पाप लपवता येतं," तोफ व्यासपीठावरून म्हणाली. थांबली. हे थांबणं तिनं सरावानं कमावलं होतं. "पण प्रभूच्या मेजापाशी ते उघडं पडतं. आपल्यातच कुणीतरी आहे, जे वर्षानुवर्षं थाळी परत पाठवतं. सुरेल वाजवून काय उपयोग, आतलं मनच बेसूर असेल तर? पाप सोडवत नाही, म्हणूनच ना हात पुढे होत नाही?"

नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरज काय होती? सगळे बाक एकदम ऑर्गनकडे वळले, जसं वाऱ्यानं गवत वळावं. तोफेला तो क्षण आवडला. हे ती पुढे कुणाला सांगणार नव्हती, पण आवडला. इतकी माणसं आणि एक तिचं वाक्य.

मग पट्टीबाई उठल्या. त्यांनी ऑर्गनचं झाकण आवाज न करता लावलं, कुलूप घातलं, किल्ली स्टुलावर ठेवली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेल्या. घाईनं नाही. दार मिटताना बिजागरी तेवढी कुरकुरली.

तोफेला पुढचं एकही वाक्य आठवेना. तिनं सवयीनं आईकडे पाहिलं. आई तिसऱ्या बाकावर बसली होती आणि तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा झाला होता.

उपासना संपल्यावर शिवणकाकूंनी तोफेचा गाल ओढला. "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं. आम्हाला काही तुझ्यासारखं जमलं नसतं."  आईनं मेजावरचं कापड काढलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि घराकडे चालू लागली. पाळकसाहेबांनी मात्र तोफेला दाराशी थांबवलं आणि तिच्या तळहातावर ऑर्गनची किल्ली ठेवली.

"ही तू परत देऊन ये."

"मी? तुम्ही गेलात तर..."

"मी गेलो तर समजूत घालायला आलो, असं वाटेल. तू जा."

ती किल्ली आठवडाभर तोफेच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी खुळखुळत राहिली. सोमवारी परीक्षा होती, मंगळवारी पोट दुखत होतं, बुधवारी पाय दुखत होता. शनिवारी दुखायला काही उरलं नाही, तेव्हा ती गेली.

पट्टीबाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत जुना पियानो, त्यापुढे मुलांसाठी उशी बांधून उंच केलेली खुर्ची आणि भिंतीवर एक घड्याळ. दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात पुसायचं फडकं होतं.

तोफेनं पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. मंडळीचं हित, तरुण पिढीची जबाबदारी, शब्दांची निवड चुकली असू शकेल, तरीही हेतू शुद्ध होता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पट्टी जरा उंच लागलीय," त्या म्हणाल्या. "बस. दम लागला असेल."

तोफ बसली. तिनं किल्ली पुढे केली. बाईंनी किल्लीकडे पाहिलंच नाही. त्या तिच्या बाहीकडे पाहत होत्या. तोफ बारा महिने लांब बाह्या घालायची, उन्हाळ्यातही, खेळाच्या तासालाही.

"थंडीत ओढतो का गं अजून हात?" बाईंनी विचारलं.

"कोणता?"

"डावा."

तोफेनं नकळत बाही खाली ओढली. डाव्या हाताला, कोपराच्या वर, आतल्या बाजूला एक जुना चट्टा होता. टोकदार, एका बाजूनं फुगीर, होडीसारखा. वर्गातल्या एकाही मैत्रिणीला तो माहीत नव्हता. घरात तर त्याचा विषयच निघत नसे. लहानपणी चटका बसला होता, आई इतकंच सांगायची, आणि लगेच तिला काहीतरी काम आठवायचं.

"तुम्हाला कसं माहीत?"

बाईंनी फडक्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. "तुला सांगितलेलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, एव्हाना सांगितलं असेल. तुझी आई आणि मी एकाच टेबलावर इस्त्री करायचो. लाँड्रीत. ती या टोकाला, मी त्या टोकाला, मधे कपड्यांचा ढीग आणि ढिगाशेजारी टोपलीत तू. घरी सांभाळायला कुणी नव्हतं तुला. एकदा ती आत कपडे टाकायला गेली, मला म्हणाली, हिच्याकडे बघ गं. मी बघत होते. दारात गिऱ्हाईक आलं, मी मान वळवली. तू वायर ओढलीस."

तोफेचा हात बाहीवरूनच चट्ट्यावर गेला. 

"माझी इस्त्री होती ती," बाई म्हणाल्या. "उभी ठेवली होती. नीट ठेवली होती, असं मला वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे?"

"म्हणून तुम्ही लाँड्री सोडली?"

"इस्त्री हातात धरवेना. मग हे वाजवणं होतं, ते धरलं. तुझ्या आईकडे गेले होते मी. बरेचदा गेले."

तोफेला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं आणि तिच्यातला वकील जागा झाला. "पण तो अपघात होता. त्यासाठी इतकी वर्षं प्रभुभोजन घ्यायचं नाही, हे मला नाही पटत. देवानं तर क्षमा केलीच असेल."

"देवाचं नाही गं राहिलेलं. तुझ्या आईच्या मनात माझ्याविषयी अढी आहे आणि ती का आहे, ते मला ठाऊक आहे. ती सुटल्याशिवाय मी त्या मेजाकडे कोणत्या तोंडानं हात करू? आपली रीतच आहे तशी. थांबायचं म्हणजे थांबायचं."

"पण आई तर घेते," तोफ बोलून गेली. "दर रविवारी घेते."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला त्यांचा अर्थ कळला. तिनं बाईंकडे पाहिलं.

"ते तिचं," पट्टीबाई म्हणाल्या. "तिच्या कपात मी डोकावत नाही."

घरी येताना तोफ रस्त्यानं चालत नव्हती, फणफणत होती. ज्या बाईला तिनं भरल्या चर्चमध्ये उभं चिरलं, ती रीत पाळून बाहेर थांबली होती. आणि जी रीत मोडत होती, ती तिची आई होती. मेजाचं कापड धुणारी, इस्त्री करणारी, अंथरणारी आई. तोफेच्या डोक्यात वाक्यं आपोआप रांगेत उभी राहू लागली. पहिलं वाक्य कुठे संपवायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. जिन्याच्या सातव्या पायरीवर तर तिला शेवटचं वाक्यही सुचलं आणि ते फार चांगलं होतं.

दार उघडंच होतं. बाबा खिडकीपाशी कानसेनं एक किल्ली घासत बसले होते. कुलूपकिल्ल्यांचं त्यांचं दुकान होतं आणि शनिवारी उरलेलं काम ते घरी आणत. आई टेबलापाशी उद्याचं कापड इस्त्री करत होती. इस्त्रीत आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाँड्रीत अजूनही नवरीचे कपडे, वकिलांचे काळे कोट, जे काही बिघडलं तर भांडण होईल असं असे, ते आईकडेच येई. तिच्या हातून कधी काही करपल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आली तोफ," बाबा म्हणाले. "चेहऱ्यावरून दारूगोळा भरलेला दिसतोय."

"आई," तोफ म्हणाली, "तू दर रविवारी..."

आणि थांबली. ते थांबणं कमावलेलं होतं. अगदी तेच, व्यासपीठावरचं. तिच्या कानांनी ते ओळखलं. लहान मुलांच्या रविवारच्या वर्गात तिनंच फळ्यावर एका माणसाच्या डोळ्यात कुसळ आणि दुसऱ्याच्या डोळ्यात हे एवढं मुसळ काढून दाखवलं होतं. मुलं खिदळली होती, एकानं मुसळाला मिशाही काढल्या होत्या. मागच्या रविवारी तिनं पट्टीबाईंच्या डोळ्यात बोट घातलं. आता आईच्या घालायला निघाली होती. आणि स्वतःचे डोळे? ते आठवडाभर दुखत्या पायाकडे आणि दुखत्या पोटाकडे पाहत बसले होते. त्या चांगल्या शेवटच्या वाक्याची तिला एकदम किळस आली.

"दर रविवारी काय?" आईनं विचारलं. इस्त्री चालूच होती.

"काही नाही. मी पट्टीबाईंकडे गेले होते. किल्ली द्यायला." तोफेचा आवाज आता कुठल्याच पट्टीत नव्हता. "त्यांनी घेतली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, डावा हात थंडीत अजून ओढतो का."

आईनं मान वर केली.

कानस थांबली. आई तोफेकडे पाहत राहिली, तोफ आईकडे, आणि बाबा दोघींकडे. मग वास आला. आधी गरम कापडाचा, रोजचाच. नंतर दुसरा.

"अहो," आई म्हणाली आणि तिनं इस्त्री उचलली.

मेजाच्या शुभ्र कापडावर, काठापासून थोडं आत, एक तपकिरी डाग उमटला होता. टोकदार, एका बाजूनं फुगीर.

तोफेनं कधी नव्हे ते डाव्या हाताची बाही कोपरावर सारली. तिला मुद्दाम काही दाखवायचं नव्हतं. तिला बघायचं होतं. कापडावरची होडी आणि हातावरची होडी एकाच घाटाच्या होत्या. हातावरची लहान होती, इतकाच फरक.

आईनं इस्त्री उभी ठेवली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं प्लग काढला, वायर गुंडाळली आणि इस्त्री कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, जणू घरात पुन्हा रांगतं मूल होतं.

"मी फक्त वर बघितलं," ती म्हणाली. "नुसतं वर बघितलं मी."

"हो गं," बाबा म्हणाले. "क्षणभरच."

"तुम्ही गप्प बसा." आई खुर्चीवर बसली. तिचा आवाज फाटला होता. "दवाखान्यातून आलो आणि ती दारात आली होती. मी तिला विचारलं, तुझं लक्ष कुठं होतं? ती काही बोललीच नाही. नुसती उभी राहिली. मला वाटलं, हिच्याकडे उत्तरसुद्धा नाही. मी दार लावलं."

"मग?" तोफेनं विचारलं.

"मग उघडलंच नाही," आई म्हणाली.

 तोफ आईच्या पायाशी फरशीवर बसली आणि आईनं त्या होडीवर अंगठा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी आईनं तेच कापड मेजावर अंथरलं, डाग समोर येईल असं. शिवणकाकू लगबगीनं पुढे आल्या. "अगं बाई, हे काय झालं? दुसरं कापड नाही का?"

"आहे," आई म्हणाली आणि जाऊन तिसऱ्या बाकावर बसली.

ऑर्गन बंद होता. बिनऑर्गनचं गाणं म्हणजे नुसता बाजार. पाळकसाहेबांनी एक सूर धरला, डावीकडच्या बाकांनी दुसरा, आणि मागच्या म्हाताऱ्या आजोबांनी तर गाणंच वेगळं धरलं. तरुण पोरं हसू दाबत होती. तोफेला हसू येत नव्हतं. रिकाम्या स्टुलाशेजारी बसण्याऐवजी ती आज आईजवळ बसली होती.

प्रार्थना झाली. थाळी निघाली. पहिला बाक, दुसरा बाक. आईच्या हातात आली. आईनं ती एक क्षण धरली, त्यातलं काही न घेता तोफेकडे दिली आणि हात मांडीवर ठेवले.

पुढच्या बाकावरची मान वळली. मग मागे कुजबुज झाली. शिवणकाकूंचा श्वास तोफेला इथवर ऐकू आला. ही काय बाई? हिनं काय केलंय? आता हे असंच सगळ्यांच्या डोक्यात येणार होतं, कारण गेल्याच रविवारी व्यासपीठावरून त्यांना एका पोरीनं शिकवलं होतं, की जो घेत नाही तो पापी. तोफेचे कान जळत होते. आईकडे वळलेल्या त्या नजरा तिनं स्वतःच्या हातानं तयार केल्या होत्या. आणि आईला ते सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं थाळी पुढे दिली.

थाळी आता तोफेच्या हातात होती. तिचंही कुणाशी तरी मिटायचं राहिलं होतं. किल्ली अजून खिशातच होती. तिनं थाळी पुढे दिली.

आई उठली. मधल्या वाटेनं चालू लागली, मागच्या रविवारी पट्टीबाई गेल्या तशीच. तोफ तिच्यामागून निघाली. शेवटच्या बाकावर पाळकसाहेबांच्या बायकोनं पाय आत घेऊन वाट दिली. बिजागरी कुरकुरली.

रस्ता रविवारचा, मोकळा. आई भराभरा चालत होती, मग वळणाशी हळू झाली, मग दारासमोर येऊन थांबलीच. आतून पियानो ऐकू येत होता. जे गाणं चर्चमध्ये आत्ता बेसूर चाललं असेल, तेच गाणं, एकटं, संथ, अचूक. आईचा हात दारापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. तोफेच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. तिनं जीभ दातांखाली धरली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं ते.

आईनं दार वाजवलं. पियानो मधेच थांबला.

पट्टीबाईंनी दार उघडलं आणि दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू भिंत चालत दाराशी आली होती.

"तिकडं सगळे बेसूर गातायत," आई म्हणाली.

"हो?" बाई कशाबशा म्हणाल्या.

"आणि मेजाचं कापड करपलं. माझ्या हातून."

"तुझ्या हातून?" बाईंना ते खरंच खरं वाटेना. "तुझ्या? लक्ष कुठं होतं तुझं?"

आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. दोघींनाही ते वाक्य ओळखीचं होतं. तोफेलाही. तिला वाटलं, संपलं, आता आई फिरणार आणि घरी जाणार.

"विचार," आई म्हणाली. "मीही विचारलं होतं तुला. काल मला स्वतःला उत्तर देता आलं नाही." तिनं नाक ओढलं. "तुला तरी कुठून येणार होतं गं? मला माफ कर. चल आता. चपला घाल."

पट्टीबाईंना चपला सापडेनात. त्या दारातच होत्या, त्यांच्या पायाशी, तरी त्या खाटेखाली शोधत होत्या. आई आत गेली, त्यांना हाताला धरून उभं केलं आणि मग दोघी तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ. तोफ पियानोकडे तोंड करून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली.

बाहेर पडल्यावर तिनं खिशातली किल्ली काढली आणि पुढे केली. या वेळी बाईंनी ती घेतली. तोफेनं सांगायला म्हणून तोंड उघडलं, पण "मी चुकले" या दोन शब्दांच्या पुढं काही निघालं नाही, आणि तेही इतके बारीक निघाले की पट्टीबाईंना वाकून ऐकावं लागलं.

"हिला काय झालं?" त्यांनी आईला विचारलं. "बरी आहे ना?"

"बरी आहे," आई म्हणाली. "तोफ जरा निवलीय. राहू दे थोडा वेळ."